चावडीच्या पाटीवरचा आकडा आणि त्यामागची नावं

सातारा, सांगली, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत चावडीच्या भिंतीत, शाळेच्या ओट्यावर नाहीतर मारुतीच्या देवळापाशी एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली असते. मजकूर इंग्रजीत आणि बहुतेक ठिकाणी सारखाच : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नसतात. आमच्या गावच्या पाटीवर गेलेले ३४ आणि परत न आलेले ५.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत क्लार्क होतो. जवानाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं की घरच्यांची पेन्शन अडकते, हे नोकरीभर पाहिलं. म्हणून पेन्शनीवर गावी आल्यावर तो नुसता आकडा डोळ्यांत खुपायला लागला. माजी सैनिक संघटनेनं आणि शाळेनं मिळून त्या पाचांपैकी चौघांची नावं शोधली. हे काम कोणत्याही गावाला जमण्यासारखं आहे. आम्ही ज्या क्रमानं केलं त्याच क्रमानं सांगतो.

पाटी आधी वाचा, मग धुवा

पाटीला हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पाटी कोणत्या भिंतीत, कोणत्या दिशेला, जमिनीपासून किती उंचीवर आहे हे वहीत लिहा. रस्ता रुंदीकरणात आणि चावडीच्या दुरुस्तीत अशा पाट्या उखडतात, कोपऱ्यात टेकवून ठेवल्या जातात आणि मग कुणाच्या तरी गोठ्यात पायरी होऊन बसतात. मूळ जागेची नोंद असेल तर परत बसवताना वाद होत नाही. चावडी महसूल खात्याची असेल तर तलाठ्यांना आणि जागा ग्रामपंचायतीची असेल तर सरपंच-ग्रामसेवकांना लेखी कळवा. ग्रामसभेत ठराव करून घेतला तर सगळ्यात चांगलं. पुढचं सगळं त्या ठरावावर चालतं.

अक्षरं झिजली असतील तर अंधार पडल्यावर जा. एकानं बॅटरी पाटीला अगदी चिकटवून बाजूनं धरायची, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून तिरका सरकतो. दुपारी जिथं सपाट पांढरा दगड दिसत होता तिथं अक्षराच्या खाचेत सावली भरते. आम्ही बॅटरी डावीकडून धरली तेव्हा गेलेल्यांचा आकडा लागला. वरून धरली तेव्हा खालच्या ओळीतला ५ स्पष्ट झाला. तोवर गावात सगळे तो ३ धरून चालले होते. प्रत्येक दिशेनं उजेड टाकून फोटो घ्या. अक्षरांवर खडू घासू नका आणि खिळ्यानं कोरून ती "उठवू" तर अजिबात नका.

धुण्यासाठी साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश आणि सुती फडकं एवढंच. फरशी पुसायचं ॲसिड कुणीतरी हौसेनं घेऊन येतंच, त्याला तिथंच थांबवा. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, ॲसिड त्याला खातं आणि अक्षरांच्या कडा पहिल्यांदा जातात. तारेचा ब्रश, ग्राइंडर, वाळूचा मारा हेही नको. दर दिवाळीला चावडीला चुना देताना पाटीवरूनही कुंचला फिरलेला असतो. तो थर ओलं फडकं तासभर लावून ठेवून, भिजवून, बांबूच्या कामटीनं हलकेच सोडवावा लागतो. वेळ लागतो, लागू द्या. ऑइलपेंट मारलेला असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय खरवडू नका.

नावं घरात असतात

कागदांकडे जायच्या आधी म्हाताऱ्या माणसांकडे जा, विशेषतः म्हाताऱ्या बायकांकडे. पुरुष "आमचे पणजोबा लढाईला गेले होते" एवढ्यावर थांबतात. बायकांना चुलतसासऱ्याची बायको कोणत्या गावची, ती माहेरी कधी परत गेली, तिच्या नावावर कोणतं रान लावलं, हे सगळं माहीत असतं. आम्हाला एक नाव असंच मिळालं. ज्या घरातला माणूस गेला तो वंश गावात उरलाच नव्हता. पण त्याची विधवा जिथं माहेरी राहिली त्या शेजारच्या गावात तिच्या भाच्याच्या घरी त्याची पदकं होती. एका घरी तर म्हातारीनं "पलटणीचं रान" म्हणून बांधाकडे बोट केलं, आणि तो शब्द धरून आम्ही तलाठी कार्यालयात गेलो.

घरात काय विचारायचं? पत्र्याची पेटी, फोटोमागचा कागद, पदकं आणि एक ब्राँझची मोठी चकती. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारनं ती चकती दिली होती. साधारण १२ सेंटिमीटर व्यास, वर त्रिशूळ धरलेली ब्रिटानिया, पायाशी सिंह, आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत मेलेल्याचं नाव. हुद्दा नाही, कारण मरणात सगळ्यांना सारखं धरायचं असं ठरलं होतं. एका घरात ही चकती देव्हाऱ्यात होती. त्रिशूळ आणि सिंह बघून घरातल्या बायकांनी ती देवी म्हणून पुजली, पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू वाहिलं. कुंकू अक्षरांच्या मधल्या खाचांत बसलेलं, त्यामुळे नाव लाल जमिनीवर उठून दिसत होतं. आम्ही ती तिथंच ठेवून फोटो काढला, आजींना नाव मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि त्यांनी त्या दिवसापासून नावानिशी फूल वाहायला सुरुवात केली. अशी वस्तू घरातून मागून नेऊ नका. चिंच लावून घासूही नका.

पदकं मिळाली तर चेहरा बघण्याआधी कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग लागेल. युद्धपदक चांदीचं नसून ब्राँझचं निघालं तर तो माणूस बहुधा मजूर पथकात किंवा हमाल पथकात होता. अशांची नावं गावाच्या बोलण्यातून सगळ्यात आधी गळतात, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या.

मग कागद. जुने फेरफार आणि वारसनोंदी १९१५ ते १९२२ या काळातल्या काढा. तरुण माणसाच्या नावावरचं रान अचानक विधवेच्या किंवा भावाच्या नावावर गेलेलं दिसलं की खूण करून ठेवा. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, बघा. परदेशात मेलेल्याची नोंद त्यात नसेलही. तरी त्याच्या जन्माची किंवा मुलाबाळांची सापडते. यातलं बरंचसं मोडीत असतं. मोडी वाचणारी तरुण मुलं आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांना बोलवा आणि मानधन द्या, फुकट राबवू नका. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात, त्यांच्या वहीत घराण्याची वंशावळ असते. ते आले की त्या घराण्याच्या शाखा लिहून घ्या. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीचाही उपयोग होतो.

मोबाइलवरची यादी कशी चाळायची

दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आहे. फुकट बघता येते. त्यात पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ असा काळ धरलेला आहे. लढाई संपल्यावर छावणीत तापानं गेलेला माणूसही म्हणून त्यात सापडू शकतो.

आडनावानं शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. त्या काळी नोंद बहुतेक वेळा नुसत्या नावानं आहे, सोबत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. म्हणून "अधिक माहिती" या रकान्यात गावाचं नाव टाकून शोधा. गावाचं स्पेलिंग जितक्या प्रकारे होईल तितक्या प्रकारे टाका : शेवटचा ए कधी आ होतो, ळ चा ल होतो, व ला दोन अक्षरं चालतात. पवारांचे पोवार होतात, जाधवांचे जादव. गाव लागलंच नाही तर तालुका टाका आणि पलटण निवडून चाळत बसा.

जिल्हा मात्र तेव्हाचा धरायचा. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्या वेळी साताऱ्यात होते. सांगली जिल्हा स्वातंत्र्यानंतरचा. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, आणि रायगडाचं नाव तेव्हा कुलाबा होतं. औंध, फलटण, कोल्हापूर ही संस्थानं, त्यांची नोंद वेगळी.

पलटणींची नावंही बदललेली आहेत. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी पहिल्या युद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा नंबरांनी लिहिलेल्या मिळतील. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला; शेवटी अन्न संपलं, शरणागती झाली आणि कैद्यांचे तांडे वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेले. आपल्या भागातल्या पाट्यांवरचे कितीतरी आकडे तिथले आहेत. तुमच्या माणसाची तारीख मे १९१६ नंतरची आणि पलटण या तिघींपैकी असेल तर तो कैदेत गेला असण्याचा संभव मोठा.

अशा माणसाच्या नोंदीपुढे बहुतेकदा "बसरा स्मारक" असं लिहिलेलं असतं. या स्मारकावर ४०,००० हून जास्त बेपत्ता सैनिकांची आठवण धरलेली आहे. पण भिंतीवर नावं कोरली ती ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची. बाकीच्या हिंदी जवानांचा पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. आपल्या चावडीवर आकडा आणि बसऱ्यातही आकडाच. कमिशननं स्वतःच नेमलेल्या समितीनं २०२१ मध्ये अहवाल देऊन मान्य केलं की ४५,००० ते ५४,००० मृतांची, प्रामुख्यानं हिंदी आणि आफ्रिकी माणसांची, आठवण गोऱ्यांच्या बरोबरीनं जपली गेली नाही; आणि किमान १,१६,००० जणांची नावानं किंवा मुळीच नोंद झाली नाही. तुमच्या माणसाचं नाव यादीत नसेल आणि पदक, चकती, पेन्शनचा कागद असा पुरावा हातात असेल तर कमिशनकडे अर्ज करता येतो. कराच.

कोकणातल्या गावांनी आणखी एक ठिकाण लक्षात ठेवावं. बोटीवर खलाशी म्हणून गेलेले आणि समुद्रात बुडालेले यांची आठवण मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशीगृहातल्या स्मारकात आहे. एकट्या पहिल्या युद्धातले तिथं २,००० वर आहेत. त्यांच्या गावी पाटी असण्याची शक्यता कमीच, कारण पाटी लावणाऱ्यांनी भरती मोजली ती पलटणीची.

कोणाला धरायचं

यावरून गावात वाद होतो, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. सगळ्यांना धरायचं. गोळीनं गेलेला, कॉलऱ्यानं गेलेला, खेचरांच्या तांड्याबरोबर गेलेला, पाणक्या, डोलीवाला, मजूर. मेसोपोटेमियात रोगानं माणसं अतोनात मेली. तो घर सोडून गेला आणि परत आला नाही, एवढं पुरे.

बौद्धवस्तीत, रामोशी आळीत, मुसलमान मोहल्ल्यात, धनगरवाड्यावर स्वतः जा. निरोप पाठवून बोलावू नका. महार भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. पहिल्या युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. या मधल्या तुटीमुळे त्या घरांतली आठवण गावाच्या आठवणीपासून वेगळी पडली आहे. आमच्या पाचांपैकी एक तिथला निघाला. ज्या चावडीवर त्याच्या भावांना चढू दिलं जात नव्हतं, त्या चावडीवरच्या आकड्यात तो शंभर वर्षं मोजलेला होता.

देवळाशेजारी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा जुना कोरीव दगड, असेल तर तीही याच कामात घ्या. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी ती ओळखता येते. तिच्यावर सहसा नाव नसतं. ती उघड्या गटारापासून, गाडीच्या चाकापासून दूर राहील एवढी व्यवस्था करा, शेंदराचा नवा थर देऊ नका.

१९४७ नंतर गेलेले

इथं काम कागदाच्या दृष्टीनं सोपं आहे, माणसांच्या दृष्टीनं अवघड. १९६२, १९६५, १९७१, श्रीलंका, सियाचीन, १९९९ चं कारगिल. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, तिथं नावं कोरलेली आहेत आणि संकेतस्थळावरही शोधता येतात. हुद्दा, सर्व्हिस नंबर, युनिट यांची खात्री जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करून घ्या. त्यांच्याकडून न झाल्यास नंबर देऊन रेकॉर्ड ऑफिसला पत्र घाला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला.

पण त्याआधी वीरनारीच्या किंवा वीरमाता-पित्याच्या घरी जाऊन बसा. नाव कसं लिहायचं, फोटो लावायचा का, कार्यक्रमाला यायचं का, हे त्यांनी ठरवायचं. दर २६ जानेवारीला त्या बाईला खुर्चीवर बसवून साडी-नारळ देणं गावाला मोठं वाटतं; तिला दरवर्षी तो दिवस पुन्हा काढावा लागतो. आमच्याकडच्या एका वहिनींनी सांगितलं, मी येणार नाही, पण नाव तुम्ही नीट घ्या. त्यांचं ऐकलं.

लष्कराच्या कागदात लढाईत गेलेला आणि अपघातात किंवा आजारानं गेलेला असा फरक असतो, आणि त्यावर सवलती ठरतात. गावाच्या पाटीवर दोघंही घ्या, मात्र कसा गेला ते आहे तसंच लिहा. हिमस्खलनात गेलेल्याला चकमकीत गेला म्हणून लिहिलं तर उद्या कुणीतरी कागद दाखवतो आणि त्याच्या घरच्यांना खाली बघावं लागतं.

नवी पाटी

जुनी पाटी हलवू नका, बदलू नका. तिच्या शेजारी नवी लावा. काळा ग्रॅनाइट, खोल कोरलेली अक्षरं. नुसती रंगवलेली किंवा चिकटवलेली नकोत. मजकूर मराठीत. क्रम मृत्यूच्या सालाप्रमाणे लावा, हुद्द्याप्रमाणे नको. नावात बापाचं नाव, पलटण, ठिकाण, साल. आईचं नाव मिळालं तर तेही घाला, आम्ही दोघांच्या नावात घातलं आहे. जे मिळालं नाही त्याची जागा मोकळी सोडा आणि तिथं "नाव शोधणे चालू" असं कोरा. आमच्या पाचव्याची ओळ अशीच आहे, आणि ती वाचून दोन घरं आपणहून पेट्या उघडून बघायला लागली.

कोरायला देण्याआधी मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक घराला वाचून दाखवा आणि सही घ्या. दगडावरची चूक पुसता येत नाही. पाटी लावणाऱ्यांची नावं, सरपंचांपासून देणगीदारांपर्यंत, वेगळ्या कागदावर ग्रामपंचायतीत लावा. त्या दगडावर फक्त गेलेल्यांची. ऑगस्ट २०२३ मध्ये "मेरी माटी मेरा देश" मोहिमेत अनेक ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. तुमच्या गावात तो असेल तर त्यावरची नावं आपल्या यादीशी ताडून बघा.

गावाला नमुना बघायचा असेल तर सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरीला जाऊन या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि तिथं स्मारक आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगावलाही जाता येईल. तिथल्या तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्यानं मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कुठं आहे ते कुणाला ठाऊक नाही, नाव इटलीतल्या कसिनो स्मारकावर आहे, पुतळा माणगावात आहे.

नावं वाचण्याचा दिवस

माहिती गोळा करायला यात्रेसारखा दिवस नाही, कारण मुंबई-पुण्याचे सगळे आलेले असतात. देवळाच्या मंडपात एक टेबल, जुन्या पाटीचा मोठा फोटो आणि वही ठेवून एखाद्या शाळकरी पोराला बसवा. नावं वाचायला मात्र यात्रा नको, स्पीकर चालू असतात. आम्ही २६ जानेवारी धरला. शाळा जवळ, पोरं हजर, आणि झेंडावंदनाला गाव येतंच.

झेंडावंदन झालं की सगळे चालत पाटीपाशी जातात. भाषण नाही. ज्या आळीतला जवान त्या आळीतली मुलगी किंवा मुलगा त्याचं नाव वाचतो : हुद्दा, नाव, बापाचं नाव, पलटण, ठिकाण, साल. पोरांकडून आधी आठवडाभर वाचून घ्या. बसरा कुठं, कोहिमा कुठं, द्रास कुठं, ते नकाशावर दाखवा. म्हणजे नाव घेताना आवाज अडखळत नाही. पाचव्याच्या वेळी पोरगा "याच गावचा एक जवान, नाव शोधत आहोत" असं म्हणतो. मग दोन मिनिटं स्तब्धता. गावात निवृत्त बिगुलर असेल तर त्याला सांगा, तो नाही म्हणणार नाही. शेवटी मराठा पलटणीची घोषणा, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय", आणि महार रेजिमेंटचा जवान यादीत असेल तर "बोलो हिंदुस्थान की जय". दोन्ही घ्या. हार एकच, तो जुन्या पाटीला.

सगळी माहिती एका जाड बांधणीच्या वहीत उतरवा : प्रत्येक नावाला स्वतंत्र पान, आणि माहिती कुणी, कोणत्या तारखेला दिली तेही. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक वाचनालयात, आणि फोटोंसकट एक प्रत तालुक्याबाहेर राहणाऱ्या गावच्याच माणसाकडे. नवीन कागद मिळाला की चारही प्रतींत चिकटवा आणि पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.